बेडकाच्या रक्तांतील साखर

बीड जिल्ह्यांत मृगाचा पाऊस ठरल्या दिवशीं येईलच असा भरंवसा कोणी देत नाहीं. परंतु ज्या रात्रीं तो येतो, त्या रात्रीं बिंदुसरेच्या कांठचीं डबकीं, बालाघाटाच्या उतारावरील पाझर-तलाव आणि रस्त्याच्या कडेचे खड्डेसुद्धां एकाएकीं बोलूं लागतात. आदल्या दिवसापर्यंत जेथें काळ्या जमिनीला हातभर खोल भेगा पडलेल्या होत्या आणि ओंजळभर पाणी मिळणें कठीण होतें, तेथें हे शेंकडों बेडूक आले कोठून, असा प्रश्न शहरांतून आलेल्या पाहुण्याला पडतो. गांवकऱ्यांना तो पडत नाहीं, कारण बेडूक कोठूनही येत नाहीं, तो तेथेंच असतो, हें त्यांना ठाऊक आहे. प्रश्न तसा फार जुना. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांत एक संपूर्ण सूक्त बेडकांवर आहे, त्यावरून पावसाआधींचें त्यांचें मौन आणि पावसानंतरचा त्यांचा कोलाहल या दोन्ही गोष्टी त्या काळच्या माणसांच्याही नजरेंत भरल्या होत्या, असें दिसतें.

या मैफलीचा मुख्य गवई म्हणजे आपल्याकडील मोठा बेडूक. जुन्या क्रमिक पुस्तकांत त्याला राना टायग्रिना म्हणत, आतां होप्लोबॅट्राकस टायगेरिनस असें त्याचें नांव आहे. पहिल्या पावसांत यांतील नर अंगावर हळदीसारखा पिवळा रंग घेऊन बसतो आणि त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंस निळ्या पिशव्या फुगूं लागतात. रात्रभर ओरडणें हें काम साधें नव्हे. परदेशांतील कांहीं लहान बेडकांवर झालेल्या अभ्यासांत असें दिसून आलें आहे कीं, कांहीं तास ओरडून झाल्यावर त्यांच्या पोटाच्या स्नायूंतील सांठविलेलें पिष्ट बरेंचसें जळून गेलेलें असतें. म्हणजे सहा-सात महिने भुईंत उपाशी पडून राहिलेला हा प्राणी बाहेर येतांच प्रथम जेवण्याच्या मागें न लागतां आपल्याजवळची शिल्लक उधळावयास बसतो. ही शिल्लक त्यानें कोठें ठेविली होती, कोणाच्या हवालीं केली होती, आणि उन्हाळाभर तिचा हिशेब कोण ठेवीत होतें, हें पाहूं लागलें म्हणजे विषय साखरेवर येऊन ठेपतो.

साखर म्हणतांच बीड जिल्ह्यांतील माणसाच्या डोळ्यांपुढें ऊस उभा राहतो. दर वर्षीं दिवाळीच्या आगेंमागें येथून हजारों कुटुंबें मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत कारखान्यांवर ऊस तोडावयास जातात. परंतु उसाची साखर आणि रक्तांतील साखर एक नव्हे. उसाची साखर दोन साध्या शर्करांच्या जोडीची बनलेली असते, त्यांपैकीं द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लुकोज, ही काय ती रक्तांत इंधन म्हणून फिरते. निरोगी मनुष्याच्या शंभर घन सेंटिमीटर रक्तांत उपाशी पोटीं ती सत्तर ते शंभर मिलिग्रॅम असते. शरीरांतील सगळें रक्त एकत्र केलें तरी त्यांतील साखर चहाच्या एका चमच्याएवढीच भरेल. ही चमचाभर साखर निम्म्यावर आली तर मनुष्याला घाम फुटतो, हात कांपूं लागतात, पुढें शुद्ध हरपते. ती दुप्पट झाली तर मूत्रपिंडांना ती अडविणें जमत नाहीं व ती लघवींतून बाहेर पडूं लागते. एवढ्या अरुंद बांधावरून आपलें शरीर जन्मभर चालत असतें.

बेडकाचा बांध इतका अरुंद नाहीं. त्याच्या रक्तांतील साखर बहुधा वीस ते साठ मिलिग्रॅमांच्या दरम्यान सांपडते. ऋतूप्रमाणें, उष्णतेप्रमाणें आणि प्राण्याला हाताळल्यामुळें झालेल्या भीतीप्रमाणेंही ती बदलते. ज्या प्रमाणावर मनुष्य बेशुद्ध पडेल त्या प्रमाणावर बेडूक खुशाल माशी टिपतो. याहून मौजेची गोष्ट म्हणजे प्रौढ बेडकाच्या तोंडांत साखर किंवा पिष्ट असें जवळजवळ कधीं जातच नाहीं. किडे, गांडुळें, उंदराचीं पिलें, प्रसंगीं दुसरा लहान बेडूक, हा त्याचा आहार. ज्वारीचा दाणा नाहीं, गुळाचा खडा नाहीं. तरीही त्याच्या रक्तांत साखर आहेच.

हें कोडें बेडकापुरतें नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विद्वानांची अशी समजूत होती कीं, साखर वनस्पतींनीं तयार करावी आणि प्राण्यांनीं ती खाऊन संपवावी. क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानें नुसत्या मांसावर ठेवलेल्या कुत्र्याचें रक्त तपासलें, तों यकृतांतून बाहेर पडणाऱ्या शिरेंत त्याला साखर आढळली. हें १८४८ सालीं घडलें. पुढें १८५७ सालीं त्यानें यकृतांतून ती साखर ज्या रूपांत सांठविली जाते तो पदार्थ वेगळा काढला. तोच ग्लायकोजन. यकृत हें शरीराचें कोठार आहे आणि तें कोठार बाहेरून साखर न येतांही भरतां येतें, कारण मांसांतील द्रव्यें मोडून त्यांपासून साखर घडविण्याची विद्या यकृताला अवगत आहे. बेडूक जगतो तो या विद्येवर. आणि घरोघरीं ज्या प्रश्नाचें उत्तर शोधलें जातें, तो प्रश्नही येथेंच सुटतो. मधुमेहाचा रोगी म्हणतो, ‘रात्रीं कांहीं गोड खाल्लें नाहीं, अर्धी भाकरी खाऊन निजलों, तरी सकाळीं साखर वाढलेली कशी?’ ती ताटांतून आलेली नसते. रात्रभर त्याच्या स्वतःच्या यकृतानें ती ओतलेली असते.

यकृताला ‘पुरे’ असें सांगणारा अवयव म्हणजे स्वादुपिंड. जे कधीं महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकले आहेत त्यांना मेणाच्या थाळींत टांचण्या टोंचून पसरलेला बेडूक आठवत असेल. ती प्रथा आतां बहुतेक बंद झाली आहे, व त्याबद्दल हळहळण्याचें कारण नाहीं. पण त्या थाळींत एक गोष्ट नीट दिसे. जठर संपून लहान आंतडें जेथें वळण घेतें, त्या वळणाच्या कुशींत फिकट पिवळसर रंगाची, वेडीवांकडी फांटे फुटलेली एक पट्टी असते. पित्ताची नळी तिच्यांतूनच आरपार जाते. हें बेडकाचें स्वादुपिंड. त्याचा बहुतेक भाग अन्न पचविणारे रस तयार करून त्या नळींत सोडतो, आणि नळी ते आंतड्यांत नेऊन पोंचविते.

परंतु या पट्टीच्या पोटांत दुसरी एक वस्ती असते. १८६९ सालीं पाउल लांगरहान्स या जर्मन तरुणानें विद्यार्थिदशेंतच सूक्ष्मदर्शकाखालीं सशाचें स्वादुपिंड पाहतां पाहतां पाचक पेशींच्या गर्दींत निराळ्या पेशींचीं लहान लहान बेटें टिपलीं. तीं कशासाठीं आहेत तें त्याला सांगतां आलें नाहीं. मनुष्याच्या स्वादुपिंडांत अशीं सुमारें दहा लाख बेटें असतात, तरी सर्व मिळून त्यांचें वजन त्या ग्रंथीच्या शेंकडा एक-दोनच भरतें. बेडकांत हीं बेटें लहान असतात, आणि पुष्कळ पेशी तर बेट न करतां चार-दोनांच्या घोळक्यानें किंवा एकेकट्या, पाचक पेशींच्या दाटींत विखुरलेल्या आढळतात. मोठ्या गांवापेक्षां वाड्या-वस्त्यांचा मुलूख असावा तसें हें दिसतें. कारभार मात्र तोच. एका जातीच्या पेशी इन्शुलिन सोडतात. त्यामुळें साखर रक्तांतून स्नायूंत व चरबींत शिरते आणि यकृत आपल्या कोठाराचें दार लावून घेतें. दुसऱ्या जातीच्या पेशी ग्लुकॅगॉन सोडतात, त्यानें तें दार उघडतें. आणखी एका जातीच्या पेशी या दोघांनाही आवर घालणारें द्रव्य देतात. बेडकाचें इन्शुलिन आणि मनुष्याचें इन्शुलिन यांची घडण बरीच जुळती आहे. दक्षिण आफ्रिकेंतील नखवाल्या बेडकाच्या अंगांत तर दोन निरनिराळ्या जनुकांवरून बनणारीं दोन प्रकारचीं इन्शुलिनें आढळलीं आहेत.

१८८९ सालीं स्ट्रासबुर्ग येथें फोन मेरिंग व मिन्कोव्स्की यांनीं कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकलें आणि त्या कुत्र्याला मधुमेह जडला. १९२१ सालीं टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं त्या ग्रंथीच्या अर्कानें असा कुत्रा जगविला, आणि १९२२ च्या जानेवारींत तो अर्क प्रथम मनुष्याला टोंचला गेला. हा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. त्या कथेंत बेडकाचा भाग कोणता, हें मात्र क्वचितच सांगितलें जातें.

तो भाग दोन-तीन ठिकाणीं येतो. पैकीं पहिला लहानसा आहे. इन्शुलिन हातीं आल्याबरोबर ज्युलियन हक्स्ली व फुल्टन यांनीं १९२४ सालीं तें बेडकांना टोंचून पाहिलें. सशाला इन्शुलिन अधिक झालें तर कांहीं तासांतच झटके येऊं लागतात. बेडकांत तसें झालें नाहीं. थंड जागीं ठेवलेले बेडूक जसेच्या तसे बसून राहिले. उबदार जागीं ठेवलेल्यांना झटके आले, पण तेही सशापेक्षां पुष्कळ उशिरां. आणि थंडींत स्वस्थ बसलेला बेडूक उबेंत आणतांच त्यालाही ते आले. यावरून इन्शुलिन हें कांहीं कळ दाबतांच लागणारें यंत्र नव्हे, शरीराची चूल ज्या वेगानें जळत असेल त्या वेगानेंच तेंही काम करतें, ही गोष्ट उघड झाली. मनुष्याची चूल सदैव सदतीस अंशांवर असल्यामुळें आपल्याला हें कळण्यास दुसरा मार्गच नव्हता.

बेडकाच्या बालपणींही स्वादुपिंडाचें एक विलक्षण प्रकरण घडतें. बेडूकमाशी, म्हणजे शेंपटीवालें पिलू, शेवाळ व कुजकें पान खातें, म्हणून त्याचें आंतडें लांबच लांब, घड्याळाच्या कमानीसारखें गुंडाळलेलें असतें. पुढें पाय फुटून शेंपूट झडूं लागली कीं शाकाहार संपून मांसाहाराची तयारी सुरू होते. या संक्रमणांत आंतडें आखूड होतें हें पुष्कळांना माहीत आहे. पण त्याच वेळीं स्वादुपिंडही जणू पाडून पुन्हां बांधलें जातें. तें आकसून पूर्वीच्या मानानें अगदीं लहान होतें, पाचक रस तयार करणाऱ्या पेशी आपलें काम टाकतात, आणि नवें रूप घेऊन पुन्हां कामाला लागतात. इन्शुलिनच्या पेशी पिलांत सुट्या सुट्या असतात, त्या या उलथापालथीनंतर एकत्र येऊन बेटें करूं लागतात. हें सर्व घडविणारा हुकूम गळ्यांतील अवटु ग्रंथीकडून सुटतो. गुडरनाच यानें १९१२ सालीं बेडूकमाशांना घोड्याची अवटु ग्रंथि खाऊं घालून त्यांना अकालीं बेडूक बनविलें होतें. साखरेच्या कारभाराला बाहेरच्या ग्रंथींचेही हुकूम पाळावे लागतात याची ही एक चुणूक. त्याचा खरा पुरावा मिळाला तो पुढें, आणि तोही दक्षिण अमेरिकेंतील एका भेकाकडून.

भेक म्हणजे खडबडीत कातडीचा, उड्या मारण्यापेक्षां सरपटत चालणारा, दिव्याखालीं किडे टिपावयास येऊन बसणारा प्राणी. बीड शहरांत कंकालेश्वराच्या मंदिराकडे किंवा जुन्या खजाना विहिरीच्या बाजूला पावसाळ्यांत संध्याकाळीं गेलें तर याच कुळांतला आपला काळ्या कंगोऱ्यांचा भेक भेटण्याचा संभव असतो. कोणीही त्याला हातांत घेण्यास राजी नसतें. अर्जेंटिना देशांतल्या ब्वेनोस आयरेस येथील शरीरशास्त्राचे प्राध्यापक बर्नार्दो उसाय यांनीं मात्र त्याला आपल्या प्रयोगशाळेंत मानाचें स्थान दिलें. भेक मुबलक मिळत, त्यांना पोसण्यास खर्च येत नसे, आणि मोठमोठ्या शस्त्रक्रिया ते निमूटपणें सोसून जगत. शिवाय मेंदूच्या तळाशीं लोंबणारी पोष ग्रंथि, जी कुत्र्यांत काढणें महाकर्मकठीण, ती भेकांत तोंडाच्या टाळूंतून वाट करून काढतां येई.

उसाय यांचा प्रश्न असा होता. पोष ग्रंथि काढलेल्या कुत्र्यांना इन्शुलिनची लहानशी मात्राही प्राणघातक होते, हें त्यांना १९२४ च्या सुमारास दिसून आलें होतें. इन्शुलिन तेंच, मात्रा तीच, मग एवढा फरक कां? तर मग पोष ग्रंथींत इन्शुलिनला विरोध करणारें कांहीं असलें पाहिजे. हा तर्क पडताळण्यासाठीं त्यांनीं व बियासोत्ती या सहकाऱ्यानें भेकांच्या टोळ्या केल्या. कांहींचें फक्त स्वादुपिंड काढलें, त्यांच्या रक्तांतील साखर चढत गेली व त्यांना मधुमेह झाला. कांहींचें स्वादुपिंड आणि पोष ग्रंथि दोन्हीही काढलीं. आतां यांची स्थिति अधिक वाईट व्हावयास हवी होती. झालें उलटेंच. त्यांचा मधुमेह अगदीं सौम्य राहिला. मग अशा भेकांच्या कातडीखालीं दुसऱ्या भेकाच्या पोष ग्रंथीच्या पुढच्या भागाचे तुकडे बसविले, आणि साखर पुन्हां चढली. १९३० सालीं हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले व कुत्र्यांतही तसेंच घडतें हें त्यांनीं दाखवून दिलें.

या प्रयोगाचें महत्त्व सहजासहजीं ध्यानांत येत नाहीं. तोंपर्यंत मधुमेहाची कल्पना तेल संपलेल्या दिव्यासारखी होती. इन्शुलिन संपलें कीं रोग, इन्शुलिन घातलें कीं प्रकृति पूर्ववत्. भेकानें ही कल्पना मोडली. साखरेचें प्रमाण हा एका ग्रंथीचा हुकूम नसून दोरखेंच आहे. एका बाजूस एकटें इन्शुलिन आणि दुसऱ्या बाजूस पोष ग्रंथीचीं द्रव्यें, तिच्या आज्ञेनें चालणाऱ्या अधिवृक्क ग्रंथींचीं द्रव्यें, अ‍ॅड्रिनॅलिन, ग्लुकॅगॉन अशी मंडळी. दोन्ही बाजू सोडून दिल्या तर दोर फारसा हालत नाहीं, एकच बाजू सुटली कीं कोसळणें आलें. पोष ग्रंथि बेसुमार वाढून ज्यांचे हात, पाय व जबडा थोराड होतात अशा रोग्यांना मधुमेह कां होतो, याचें उत्तर येथें आहे. दम्यासाठीं किंवा सांधेदुखीसाठीं स्टेरॉइड घेणाऱ्यांची साखर कां वाढते, याचेंही येथेंच आहे. २०२१ सालीं करोनाच्या साथींत पुष्कळ घरांना हा धडा फार कठोरपणें मिळाला. स्टेरॉइडांनीं जीव वांचले, पण साखर भडकली, आणि त्या भडकलेल्या साखरेचा फायदा घेऊन काळ्या बुरशीनें कित्येकांचे डोळे नेले.

उसाय यांच्या नशिबीं मात्र कौतुकाआधीं वनवास आला. लोकशाही राज्यपद्धति परत आणावी अशा जाहीर पत्रकावर सही केल्याबद्दल १९४३ सालीं सरकारनें त्यांना विद्यापीठांतून काढून टाकलें. त्यांनीं देश सोडला नाहीं. लोकांच्या देणग्यांवर त्यांनीं एक खाजगी संस्था उभी केली व भेक तेथें नेले. १९४७ सालचें नोबेल पारितोषिक कार्ल व गर्टी कोरी या दांपत्याबरोबर त्यांना मिळालें, तेव्हां ते सरकारी प्राध्यापक नव्हते.

आतां पुन्हां बालाघाटाकडे वळावयास हरकत नाहीं. पावसाळा संपतां संपतां आपला बेडूक सपाटून खातो. यकृतांत ग्लायकोजन सांठतें आणि जननग्रंथींना लागून असलेल्या, हाताच्या बोटांसारख्या पिवळ्या गाठोड्यांत चरबी भरते. पाणी आटूं लागलें कीं तो चिखलांत, बांधाच्या कपारींत, दगडाखालीं, भेगेंत शिरतो. भुईखोदे बेडूक तर मागच्या पायाच्या टांचेवरील फावड्यासारख्या कठीण कंगोऱ्यानें माती उकरीत, उलटे उलटे जमिनींत उतरतात. मूत्राशयांत फिकट मूत्र भरून घेतलेलें असतें, तें मूत्र नसून पाण्याची घागरच समजावी, कारण गरजेप्रमाणें त्यांतील पाणी शरीर परत ओढून घेतें. बेडूक तोंडानें पाणी पीतच नाहीं, पोटाच्या कातडीनें शोषतो, म्हणून ओलसर मातीला अंग चिकटवून बसणें हेंच त्याचें पाणी पिणें. मग त्याची चूल मंद होते. अशा ग्रीष्मनिद्रेंत गेलेल्या बेडकांचा प्राणवायूचा खर्च नेहमींच्या विश्रांतीच्या तिसऱ्या हिश्श्यावर किंवा त्याहूनही खालीं उतरल्याचें मोजलें गेलें आहे. मुख्य इंधन चरबीचें. ग्लायकोजन शक्य तों राखून ठेवलें जातें, कारण चरबी जाळण्यास प्राणवायु लागतो आणि चिखलांत तो केव्हां कमी पडेल याचा नेम नसतो. प्राणवायूवांचून ज्यावर थोडा वेळ तरी काढतां येतो असें इंधन साखरच. म्हणून स्वादुपिंडाला या महिन्यांत काम थोडें, पण चुकीला जागा नाहीं. कोठार भलत्या वेळीं उघडलें तर मृगाच्या रात्रीं ओरडावयास कांहीं उरणार नाहीं.

कोठार मुद्दाम उघडण्याचा प्रकारही एका बेडकांत आढळतो, आणि तो इतका विलक्षण आहे कीं येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. उत्तर अमेरिकेंतील रानबेडूक हिंवाळ्यांत पालापाचोळ्याखालीं गोठतो. त्याच्या शरीरांतील पाण्याचे सुमारें दोनतृतीयांश बर्फ होतें, श्वास थांबतो, हृदय थांबतें. वसंतांत तो वितळतो आणि चालूं लागतो. बेडूक असे गोठून जगतात ही गोष्ट १९८२ सालीं प्रथम प्रसिद्ध झाली. पुढें कॅनडांतील केनेथ व जॅनेट स्टोरी यांनीं त्यामागचा व्यवहार उलगडला. कातडीवर बर्फाचा पहिला कण धरतांच कांहीं मिनिटांत यकृत आपलें सारें ग्लायकोजन फोडून रक्तांत साखर सोडूं लागतें. हृदय बंद पडण्यापूर्वीं ती मुख्य अवयवांत पोंचलेली असते. तिचें प्रमाण शंभर घन सेंटिमीटरांत तीन-चार हजार मिलिग्रॅमांपर्यंत जातें. मनुष्य याच्या चतुर्थांशावरही मरणाच्या दारीं पोंचतो. या बेडकांत ती साखर पाकासारखी पेशींत भरून राहते व आंतलें पाणी गोठूं देत नाहीं. इन्शुलिनचा नेहमींचा अंमल त्या वेळीं बाजूस सारलेला असतो. वितळल्यावर कांहीं दिवसांत साखर निमूटपणें पुन्हां कोठारांत जाते. याच बेडकांना थंडीविनाच हळूहळू वाळविलें तरीही साखर चढते, असें पुढें दिसून आलें. बर्फ झाल्यानें पेशींतील पाणी बाहेर ओढलें जातें, म्हणजे गोठणें हेंही पेशीच्या दृष्टीनें एक प्रकारचें वाळणेंच. म्हणून गोठण्याशीं झुंजण्याची ही युक्ति मुळांत अवर्षणाशीं झुंजण्याच्या जुन्या युक्तींतून निघाली असावी, असा तर्क केला जातो. तर्क पटण्यासारखा आहे. अंगांतील पाण्याचा सातवा हिस्सा गमावला तर मनुष्य दगावतो, परंतु कित्येक बेडूक व भेक तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पाणी गमावूनही तग धरतात.

मनुष्याला या युक्त्या नाहींत. त्याच्याजवळ आहे ती बाटलींतील इन्शुलिन, आणि उन्हाळ्यांत ती संभाळणें ही बीडसारख्या जिल्ह्यांत खरी अडचण आहे. न उघडलेली बाटली दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते, वापरांत असलेली साधारण चार आठवडे पंचवीस-तीस अंशांपर्यंत टिकते. येथें मे महिन्यांत पारा चाळिसाच्या वर जातो, पत्र्याच्या घरांत त्याहूनही अधिक. उष्णतेनें इन्शुलिन हळूहळू निकामी होतें, आणि तें बाटलीकडे पाहून नेहमीं कळतेंच असें नाहीं. रोगी नेमानें टोंचून घेत असतो, साखर वाढत असते, आणि दोष पथ्याला दिला जातो. शीतकपाटाच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यांत बाटली ठेवणारेही आहेत, पण रानबेडकाला जें साधतें तें इन्शुलिनला साधत नाहीं. एकदां गोठलेलें इन्शुलिन टाकूनच द्यावें लागतें.

ज्यांच्या घरीं शीतकपाट नाहीं, किंवा आहे पण वीज नाहीं, त्यांच्यासाठीं डॉक्टर मंडळी मातीच्या मडक्याचा उपाय सांगतात. मोठ्या मडक्यांत लहान मडकें ठेवावें, मधल्या जागेंत वाळू भरावी, ती ओली ठेवावी, आंतल्या मडक्यांत कोरड्या डब्यांत बाटली ठेवून वर ओलें फडकें टाकावें आणि सारें सांवलींत, वारा लागेल अशा जागीं ठेवावें. पाणी उडून जातांना मडक्यांतील उष्णता घेऊन जातें व आंत बाहेरच्यापेक्षां कित्येक अंश गारवा राहतो. ऊसतोडीच्या फडावर कोपींत राहणाऱ्या कुटुंबांतील मधुमेह्यालाही हें जमण्यासारखें आहे. मडकें तेवढें कारखान्यापर्यंत न फुटतां गेलें पाहिजे. वाळू दिवसांतून दोनदां भिजवावी लागते. दर वेळीं तांब्याभर पाणी लागतें, आणि ज्या उन्हाळ्यांत गांवाला टँकर लागतो त्या उन्हाळ्यांत तें तांब्याभर पाणी घरांतल्या बाईला मोजून बाजूला ठेवावें लागतें.